स्थानिक शास्त्रज्ञांचा गौरव कसा करावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञान मंडळे, महाविद्यालये, ग्रंथालये, सामाजिक संस्था यांना आपल्या भागातल्या शास्त्रज्ञांसाठी पुरस्कार सुरू करायचा असतो, किंवा आधीपासून चालू असलेला पुरस्कार रुळावर आणायचा असतो. अशा वेळी पुन्हापुन्हा पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांमागे एकच आग्रह आहे: माणसाने नेमके काय केले ते आधी तपासा, आणि मग तेच, तेवढेच, चारचौघांत सांगा.

‘स्थानिक’ कोणाला म्हणायचे?

जन्म इथला, वास्तव्य इथले की काम इथले, यांपैकी एक कसोटी आधी ठरवा आणि ती नियमांत लिहा. हे ठरवले नाही की निवड समितीच्या बैठकीचा निम्मा वेळ याच वादात जातो. इथे जन्मून तीस वर्षे दुसरीकडे काम केलेली मोठी व्यक्ती विरुद्ध चार वर्षांपूर्वी बाहेरून येऊन इथल्याच प्रश्नावर काम करणारी संशोधक, असा सामना लागला की मोठे नाव जिंकते. आमची शिफारस कामाच्या बाजूने आहे. ‘मागच्या पाच वर्षांतली किमान तीन वर्षे काम या भागात झालेले असावे’ एवढे एक वाक्य पुरते. बाहेर नाव कमावलेल्या माणसाला बोलवायचेच असेल तर पाहुणा म्हणून बोलवा.

आणि ‘शास्त्रज्ञ’ कोणाला? पीएचडी हवीच का?

नको. थू योयो यांना २०१५ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती, परदेशातले शिक्षण नव्हते आणि चीनच्या विज्ञान अकादमीचे सदस्यत्वही नव्हते. हिवतापावरचे आर्टेमिसिनिन मात्र होते. दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून, त्यांचे बियाणे वर्षानुवर्षे वेगळे राखून ‘एचएमटी’ हा भाताचा वाण तयार केला. पीएचडीची अट घातली असती तर दोघेही पहिल्याच चाळणीत गळाले असते.

पदवीऐवजी पद्धत विचारा. निरीक्षणे लिहून ठेवली आहेत का? तुलना कशाशी केली? चुकीचे निघालेले अंदाज नोंदले आहेत का? दुसऱ्या कोणाला हेच काम पुन्हा करून पाहता येईल का? चारांपैकी तीन प्रश्नांना ठोस उत्तर असेल तर ती व्यक्ती पात्र धरा. ही कसोटी दोन्ही बाजूंनी चालते. पदवी असलेल्या पण नोंदी नसलेल्यांनाही ती लागू पडते.

नावीन्य आणि समाजोपयोगी काम यांचे गुण एकत्र करायचे का?

नुसती बेरीज करू नका. नावीन्याला १० आणि समाजकार्याला १० गुण ठेवले, तर १० + २ आणि ६ + ६ या दोघांची बेरीज सारखीच येते, पण ही दोन माणसे मुळीच सारखी नसतात. एक तर दोन वेगळे पुरस्कार ठेवा, नाहीतर प्रत्येक बाजूला किमान गुणांची अट घाला. उदाहरणार्थ, दोन्हींत किमान ५ असतील तरच बेरीज करायची. पहिल्या वर्षी अर्ज थोडे असतील तर एकच पुरस्कार आणि किमान अट हे सोपे पडते.

नावीन्य तपासायचे कसे? पेटंट पुरेसे आहे का?

पेटंट म्हणजे कल्पना नवी आहे, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचणारी नाही आणि उद्योगात वापरता येण्याजोगी आहे, एवढेच. ती प्रत्यक्षात कोणाच्या उपयोगी पडली का, हे पेटंट सांगत नाही. शिवाय अर्ज दाखल झालेला, अर्ज प्रसिद्ध झालेला आणि पेटंट मंजूर झालेले, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो. त्या प्रसिद्धीची प्रत ‘पेटंट मिळाले’ म्हणून जोडलेली हमखास दिसते. मंजुरीचा क्रमांक मागा आणि तो पेटंट कार्यालयाच्या सार्वजनिक शोधयंत्रात टाकून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे.

उपकरण किंवा पद्धत असेल तर आणखी चार गोष्टी विचारा. याआधी लोक काय वापरत होते? एक वर्ष उलटल्यावर किती नग चालू आहेत? बिघडले तर दुरुस्ती कोण करते? कुठे चालले नाही? चौथ्या प्रश्नावर जो अडखळत नाही, उलट खुलून बोलायला लागतो, त्याने काम खरोखर बाहेर नेऊन वापरून पाहिलेले असते. ‘सगळीकडे उत्तम चालले’ असे उत्तर आले तर आणखी खोदा.

शोधनिबंधांची संख्या किंवा एच-निर्देशांक धरायचा का?

क्रमवारीसाठी धरू नका. हॉर्गे हिर्श यांनी २००५ साली मांडलेला हा निर्देशांक (८ म्हणजे किमान ८ निबंधांना प्रत्येकी किमान ८ उद्धरणे, म्हणजे दुसऱ्या निबंधांत दिलेले संदर्भ) विषयागणिक बदलतो. गणितज्ञाचा ८ आणि जैववैद्यकातल्या संशोधकाचा ३० यांची तुलना होत नाही. तो वयानुसार वाढतच जातो, कमी कधी होत नाही, त्यामुळे तरुणांना मार बसतो. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या ‘डोरा’ जाहीरनाम्यानेही असेच बजावले: नियतकालिकाच्या प्रभावांकावरून (त्यातल्या निबंधांना सरासरी किती उद्धरणे मिळतात यावरून) माणसाचे मोजमाप करू नका. स्थानिक कामाची आणखी एक अडचण म्हणजे त्यातले बरेचसे अहवाल, नकाशे, प्रशिक्षण-पुस्तिका अशा रूपांत असते आणि उद्धरणांच्या गणतीत येतच नाही.

त्याऐवजी जास्तीत जास्त तीन कामे मागा. निबंध, उपकरण, माहितीसंच, पुस्तिका, काहीही चालेल. प्रत्येकासोबत १०० शब्द: यात काय केले आणि ‘मी’ काय केले. यादी लांबवायला जागा ठेवली नाही की नेमके काम लिहावे लागते.

समाजोपयोगी कामाचा पुरावा म्हणून काय मागायचे?

इथेच सगळ्यात जास्त घसरायला होते. ‘५० शाळांत व्याख्याने, १०,००० विद्यार्थ्यांना लाभ’ हा पुरावा नव्हे, ती हजेरी झाली. कार्यक्रमाचे फोटो, आभारपत्रे, वृत्तपत्रांची कात्रणे यांचेही तेच. काय झाले ते कळते, त्यातून काय बदलले ते कळत नाही.

तीन प्रश्नांची उत्तरे मागा. काय बदलले? ते कोण सांगू शकेल? ती व्यक्ती बाजूला झाली तर ते चालू राहील का? अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचे उदाहरण पाहा. २०१४ साली शहराचा पाण्याचा स्रोत बदलल्यावर ली-अ‍ॅन वॉल्टर्स या चार मुलांच्या आईने घरच्या पाण्यातल्या शिशाचा पाठपुरावा केला, व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या अभियंत्यांशी संपर्क साधला आणि रहिवाशांना बरोबर घेऊन घराघरांतून नमुने गोळा केले. २०१८ साली त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. तिथे पुरावा होता तो नमुन्यांचा आणि त्यांत मोजलेल्या शिशाचा. किती सभा झाल्या याचा नव्हे. आणि शेवटी पाण्याचा स्रोत पुन्हा बदलावा लागला.

चालण्याजोगे पुरावे: आधीच्या आणि नंतरच्या मोजण्या, कामामुळे बदललेला नियम, वेळापत्रक किंवा कार्यपद्धती, इतरांनी स्वतः चालवायला घेतलेले केंद्र, खुला ठेवलेला आणि दुसऱ्यांनी वापरलेला माहितीसंच.

कागद पाहून झाले की दोन फोन करा. एक नाव उमेदवाराने दिलेले, दुसरे समितीने शोधलेले. दुसरा फोन जास्त उपयोगी. ‘ते कसे आहेत?’ असे विचारले तर स्तुतीच ऐकायला मिळेल. त्याऐवजी ‘तुम्ही हे शेवटचे कधी वापरले?’ असे विचारा. ‘मागच्या आठवड्यात’ आणि ‘उद्घाटनाला होतो मी’ या दोन उत्तरांत सगळा फरक कळतो.

नोकरीचाच भाग असलेले काम समाजकार्य धरायचे का?

धरा. पगार मिळतो म्हणून काम कमी उपयोगी होत नाही. फक्त संस्थेने केलेले आणि त्या व्यक्तीने पुढाकार घेऊन केलेले यांतला फरक अर्जात स्पष्ट करायला सांगा.

अर्जात नेमके काय असावे?

जितका लांब अर्ज तितके कमी अर्ज, आणि आलेल्यांत सराईत अर्ज लिहिणारेच जास्त. एवढे पुरे:

१. उमेदवाराचे नाव (देवनागरीत, त्यांना हवे तसे), संपर्क, काम केल्याचे ठिकाण आणि कालावधी.
२. ५० शब्दांत: कोणता प्रश्न आणि काय केले.
३. वर सांगितलेली तीन कामे, प्रत्येकी १०० शब्द.
४. समाजातला बदल, ३०० शब्द.
५. सहकाऱ्यांची नावे आणि कोणी काय केले.
६. पडताळणीसाठी दोन नावे. त्यांतले एक काम वापरणाऱ्याचे असावे. सहकारी शास्त्रज्ञाचे नको.
७. उमेदवाराची संमती आणि सही.

पाचवा रकाना सक्तीचा ठेवा. तो रिकामा सोडणारा अर्ज बहुधा दुसऱ्याच्या कामावर उभा असतो. छायाचित्र, जन्मतारीख आणि आधीच्या पुरस्कारांची यादी मागू नका. ही यादी पाहिली की परीक्षक तिच्यावर विसंबतात आणि स्वतः वाचायचे सोडून देतात.

स्वतःच स्वतःचे नाव पाठवू द्यायचे का?

नोबेलसाठी स्वतःची शिफारस ग्राह्य धरत नाहीत, आणि तोच नियम सगळीकडे डोळे झाकून उचलला जातो. पण नोबेलकडे शिफारस करणारे हजारो निमंत्रित लोक आहेत, तुमच्याकडे नाहीत. एकट्याने काम करणारा, छोट्या संस्थेतला, वरिष्ठांशी न पटणारा, यांचे नाव दुसरे कोण पाठवणार? म्हणून स्व-नामांकन खुले ठेवा. पडताळणी मात्र दोघांची सारखीच करा. नाव कोणी पाठवले हे परीक्षकांच्या प्रतीत दिसू देऊ नका.

अर्जच येत नाहीत, किंवा दरवर्षी तीच ती नावे येतात. काय करावे?

ज्याला एकदा मान मिळतो त्याच्याकडेच पुढचे मान वळतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली याला ‘मॅथ्यू परिणाम’ असे नाव दिले. (गंमत अशी की त्या लेखाचा मोठा आधार हॅरिएट झुकरमन यांनी घेतलेल्या मुलाखती होत्या. लेख दोघांच्या नावे यायला हवा होता, असे पुढे मर्टन यांनीच लिहिले.)

नुसते आवाहन छापून भागत नाही. तीन जणांचा एक शोधगट नेमा. त्याचे काम फक्त नावे शोधणे. निवडीत त्याला मत नाही. या गटाने प्रयोगशाळा, रुग्णालये, पाणीपुरवठा विभाग, हवामान केंद्रे, वनविभाग, शाळांच्या प्रयोगशाळा इथे जाऊन ‘पुरस्कारासाठी कोणी आहे का?’ असे विचारू नये. त्यावर प्रमुखांचेच नाव पुढे येते. ‘उपकरण बिघडले की तुम्ही कोणाला बोलावता?’, ‘आकडे जुळले नाहीत तर कोणाला विचारता?’, ‘ही पद्धत तुम्हाला कोणी शिकवली?’ असे विचारले की खरी नावे बाहेर येतात.

आणखी तीन उपाय. अर्ज तीन वर्षे जिवंत ठेवा, दरवर्षी फक्त नवी माहिती जोडायला सांगा. एकदा पुरस्कार मिळालेल्याला पाच वर्षे पुन्हा पात्र धरू नका. आणि ज्यांना लिहिणे अवघड जाते त्यांचा अर्ज शोधगटातल्या कोणीतरी मुलाखत घेऊन भरून द्यावा.

महिलांची नावे कमी येतात. जागा राखून ठेवायच्या का?

राखीव जागा हा तुमच्या संस्थेचा निर्णय. पण आधी नामांकनांची आकडेवारी पाहा. दहा अर्जांत एक महिला असेल तर अडचण बहुधा शोधात आहे, आणि दहात चार असून एकही अंतिम यादीत नसेल तर ती वाचनात आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे.

महिला शास्त्रज्ञांचे श्रेय पुरुष सहकाऱ्यांच्या नावावर जमा होण्याला मार्गारेट रॉसिटर यांनी १९९३ साली ‘मटिल्डा परिणाम’ म्हटले. वाचनात तो शिफारसपत्रांतून शिरतो. पुरुषाच्या पत्रात ‘कल्पक’, ‘अग्रणी’. स्त्रीच्या पत्रात ‘मेहनती’, ‘सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या’. स्वभावाचे वर्णन करणारी वाक्ये गुण देताना सरळ वगळायची, अशी सूचना परीक्षकांना लेखी द्या. त्याहून सोपे म्हणजे शिफारसपत्रेच मागू नका. दोन फोन पुरतात.

काम अनेकांनी मिळून केले असेल तर नाव कोणाचे?

शक्यतो गटाचे. एका पुरस्कारात जास्तीत जास्त तीन व्यक्ती हा नोबेलचा नियम आहे, तुमच्यावर त्याचे बंधन नाही. जोसेलिन बेल (पुढे बेल बर्नेल) यांना १९६७ साली विद्यार्थिदशेत स्पंदक ताऱ्यांचे (पल्सर) संकेत पहिल्यांदा दिसले. १९७४ चे नोबेल मात्र त्यांचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश आणि मार्टिन राइल यांना मिळाले. बेल बर्नेल यांना २०१८ साली विशेष ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला तेव्हा त्याचे ३० लाख डॉलर त्यांनी भौतिकशास्त्रातल्या वंचित गटांतल्या संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकले.

तंत्रज्ञांची गोष्ट याहून कठीण, कारण त्यांचे नाव निबंधावरही नसते. १९४४ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या रुग्णालयात हृदयदोष असलेल्या ‘निळ्या’ बाळांवरची शस्त्रक्रिया झाली. तिची पद्धत प्रयोगशाळेत प्राण्यांवर बसवली होती व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने, पदवी नसलेल्या. नाव झाले ते ब्लेलॉक आणि टॉसिग या डॉक्टरांचे. विद्यापीठाने थॉमस यांना मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ साली.

प्रत्यक्षात करायचे ते असे. अंतिम यादीतल्या प्रत्येक गटाकडून एका पानाचा भूमिकातक्ता घ्या. संशोधन-प्रकाशनात वापरली जाणारी ‘क्रेडिट’ ही १४ भूमिकांची वर्गवारी आयती मिळते: संकल्पना, पद्धत, सॉफ्टवेअर, तपासणी, साधनसामग्री, लेखन, देखरेख वगैरे. प्रत्येक भूमिकेसमोर नावे आणि खाली सगळ्यांच्या सह्या. सह्या गोळा करताना कुरबुर झाली तर ती समारंभाच्या आधी झाली याचे समाधान माना. गटप्रमुखाकडे ‘निधी मिळवणे’ आणि ‘देखरेख’ एवढेच असेल, तर एकट्याच्या नावाने पुरस्कार देऊ नका.

निवड समिती किती जणांची आणि कोणाची?

पाच किंवा सात. तिघांत एक गैरहजर राहिला की तोल जातो, नऊ जणांची तारीख जुळत नाही. पाचांत दोघे वेगवेगळ्या शाखांचे संशोधक, एक त्या भागाबाहेरचा तज्ज्ञ, एक अभियंता किंवा तंत्रज्ञ, आणि एक असे काम प्रत्यक्ष वापरणारा: शिक्षक, परिचारिका, शेतकरी. पाचवी व्यक्ती शोभेपुरती घेऊ नका. ‘हे माझ्याकडे चालणार नाही, कारण वीज चार तास जाते’ हे वाक्य तीच बोलते. मुदत तीन वर्षांची ठेवा, आणि सगळे एकदम बदलणार नाहीत असे पाहा.

हितसंबंधांचे काय? लहान ठिकाणी सगळे एकमेकांना ओळखतात.

ओळख असणे हा हितसंबंध नव्हे. नाते, मार्गदर्शक-विद्यार्थी संबंध (कितीही जुना), मागच्या पाच वर्षांतला एकत्र निबंध किंवा प्रकल्प, एकाच विभागातली नोकरी, पैशांचा व्यवहार आणि चालू असलेले भांडण हे हितसंबंध. शेवटचा मुद्दा नियमांत क्वचितच लिहिलेला असतो; लिहा. अर्ज वाचायला देण्याआधी फक्त नावांची यादी पाठवून घोषणा लेखी घ्या. ‘बाजूला होणे’ म्हणजे त्या अर्जाला गुण द्यायचे नाहीत आणि चर्चेच्या वेळी खोलीबाहेर जायचे. गप्प बसून ऐकणेही चालत नाही, कारण बाकीचे त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बोलतात.

गुण कसे द्यायचे आणि मोजायचे?

आधी प्रत्येकाने एकट्याने, मग एकत्र चर्चा. हा क्रम उलटला तर पहिल्या बोलणाऱ्याचेच मत सगळ्यांचे होते.

आता बेरजेतला सापळा. तीन परीक्षक आहेत. अर्ज ‘क’ला ८, ७, २ मिळाले, अर्ज ‘ख’ला ७, ६, ९. बेरीज १७ आणि २२, म्हणजे ‘ख’ पाच गुणांनी पुढे. पण तिघांपैकी दोघांनी ‘क’ला वर ठेवले आहे! एकाच्या २ आणि ९ या गुणांनी निकाल फिरला. कदाचित त्या परीक्षकाला बाकीच्यांना न दिसलेला दोष दिसला असेल, कदाचित न सांगितलेला हितसंबंध असेल, कदाचित तो टोकाचेच गुण देत असेल. म्हणून एकाच अर्जाच्या गुणांत तीनपेक्षा जास्त अंतर दिसले की बेरीज थांबवा आणि दोन्ही टोकांच्या परीक्षकांना कारण विचारा. मग गुण बदलायची मुभा द्या, पण आधीचे गुणही नोंदीत ठेवा.

दुसरा सापळा बाजूला झालेल्या परीक्षकाचा. बेरीज घेतली तर त्या अर्जाचे गुण कमी पडतात, म्हणून लोक सरासरी घेतात. पण कडक परीक्षक बाजूला झाला की त्या अर्जाची सरासरी फुगते. उपाय: स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक परीक्षकाची स्वतःची सरासरी काढा, ती त्याच्या प्रत्येक गुणातून वजा करा, आणि या फरकांची सरासरी धरा. कडक आणि उदार दोघेही एका पातळीवर येतात.

अर्ज ३० पेक्षा जास्त असतील तर सगळ्यांनी सगळे वाचू नये. ६० अर्ज, पाच परीक्षक, प्रत्येक अर्ज तिघांकडे: म्हणजे प्रत्येकाला ३६ वाचने, एका अर्जाला २० मिनिटे धरली तर १२ तास. एवढे काम माणूस करतो. त्यातून निवडलेले १२ अर्ज मग पाचही जणांनी वाचावेत.

पडताळणीत काय तपासायचे?

अंतिम यादीतल्या प्रत्येकाचे. विजेत्यापुरते तपासले आणि काही निघाले, तर दुसऱ्या क्रमांकाची तपासणी घाईत होते. मागे घेतलेले निबंध ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या खुल्या यादीत शोधा; ‘पबपीअर’वर निबंधांविषयीच्या शंका दिसतात, पण शंका म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, त्या उमेदवाराला विचारा. एकाच नावाचे अनेक संशोधक असतात, म्हणून सोळा अंकी ‘ऑर्किड’ क्रमांक जुळवा. मात्र ऑर्किडवरची माहिती बरीचशी संशोधकच भरतो. तो ओळख पटवायला उपयोगी आहे, दावा सिद्ध करायला नाही. उपकरण असेल तर ते जिथे बसवले आहे तिथे एकाने जाऊन पाहावे, शक्यतो न कळवता.

पुरस्कार म्हणून काय द्यावे?

रक्कम देणार असाल तर ती व्यक्तीला की संस्थेला, हे आधी ठरवा. संस्थेच्या खात्यात गेली की बऱ्याच ठिकाणी प्रशासकीय खर्चाच्या नावाखाली वाटा कापला जातो. करआकारणीचे आधी विचारून ठेवा.

रक्कम छोटी असेल तर तिच्याऐवजी कामाला लागणारी गोष्ट जास्त मोलाची ठरते: वर्षभराची रसायने, उपकरणाचे अंशांकन (कॅलिब्रेशन), माहितीसंच ठेवायला जागा, पुस्तिकेचे भाषांतर आणि छपाई. काय हवे ते त्यांनाच विचारा. आणि एक फुकटची गोष्ट: त्यांच्या वरिष्ठांना, कामाचे नेमके वर्णन असलेले अधिकृत पत्र. बढतीच्या फाइलमध्ये सन्मानचिन्ह लागत नाही, पत्र लागते.

मानपत्र कसे लिहावे?

‘विज्ञान क्षेत्रातील अतुलनीय योगदान आणि समाजाप्रती असलेल्या बांधिलकीबद्दल’ हे वाक्य कोणाच्याही मानपत्रावर चालेल, म्हणूनच ते नको. हे पाहा: ‘विहिरींच्या पाण्यातील फ्लोराइड जागच्या जागी ओळखणारी चाचणी स्वस्तात बसवल्याबद्दल, आणि ती स्वतः करता यावी म्हणून आरोग्यसेविकांना तयार केल्याबद्दल.’ काय केले, कोणासाठी केले आणि पुढे कोणाच्या हाती गेले, तिन्ही आले. लांबी जास्तीत जास्त ४० शब्द. ‘जगातील पहिले’, ‘क्रांतिकारी’ असले दावे पडताळणीत टिकले असतील तरच घ्या.

मसुदा छपाईआधी विजेत्याला दाखवा. शास्त्रज्ञ बहुतेक वेळा दावा कमी करायला सांगतात, ऐका. नाव, उपाधी आणि आडनावाचे लेखन त्यांच्याकडून लेखी घ्या, आणि छपाईचा अंतिम नमुना मसुदा न लिहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्या. नावातल्या ऱ्हस्व-दीर्घाची चूक व्यासपीठावर दिसते.

जाहीर करण्याआधी विजेत्याची संमती लागते का?

लागते. अर्जावरची संमती विचारासाठी असते, प्रसिद्धीसाठी वेगळी घ्या. प्रदूषण, अवैध उत्खनन, साथरोग अशा विषयांवर काम करणाऱ्याला प्रसिद्धीमुळे त्रास होऊ शकतो. ‘कामाचे ठिकाण छापू नका’, ‘फोटो नको’ अशा अटी मान्य करा. नकार आला तर तो गोपनीय ठेवा आणि पुढच्या क्रमांकाला ‘तुम्ही दुसरे होता’ असे कळू देऊ नका.

समारंभ किती वेळाचा असावा?

दीड तास. त्यात विजेत्याला किमान दहा मिनिटे, शक्य असेल तर प्रात्यक्षिकासह. प्रमुख पाहुण्यांना विजेत्यानंतर बोलू द्या. आधी बोलले की ते विजेत्याचा वेळ खातात. बाहेर एका टेबलावर उपकरण, नकाशे किंवा नमुने मांडा. मानपत्र पूर्ण वाचायचे.

ज्यांची निवड झाली नाही त्यांना काय सांगायचे?

सगळ्यांना कळवा, निकाल बाहेर फुटण्याआधी. अंतिम यादीतल्यांना दोन वाक्यांचे कारण द्या: काय आवडले आणि कोणता पुरावा कमी पडला. गुण सांगू नका.

मरणोत्तर पुरस्कार द्यावा का?

नियम आधीच लिहा. १९७४ पासून नोबेल मरणोत्तर जाहीर होत नाही. २०११ साली राल्फ स्टाइनमन यांचे निधन घोषणेच्या तीन दिवस आधी झाले होते आणि समितीला ते ठाऊक नव्हते. पुरस्कार कायम ठेवला गेला. स्थानिक पुरस्कारात ‘नामांकनाच्या दिवशी हयात असावे’ ही अट सोयीची. दिवंगतांसाठी व्याख्यानमाला किंवा शिष्यवृत्ती ठेवता येते.

प्रायोजकाला समितीत जागा द्यावी का?

नाही. नाव फलकावर, निवडीत नाही. प्रायोजकाच्या उत्पादनावर किंवा सांडपाण्यावर कोणी उमेदवार काम करत असेल, तर काय करायचे हे करारातच लिहा.

एकूण किती वेळ लागतो?

नामांकनांसाठी ८ आठवडे, छाननी १, वाचन आणि गुण ४, पडताळणी ३, बैठक आणि निर्णय १, संमती व मानपत्र २, समारंभाची तयारी ४. एकूण २३ आठवडे. घाई झाली की सगळे पडताळणीलाच कात्री लावतात. कापायचेच असेल तर समारंभाच्या तयारीतून कापा.

दिलेला पुरस्कार परत घेता येतो का?

नियमांत लिहिलेले असेल तरच सोपे जाते. २००५ साली दक्षिण कोरियाच्या सरकारने ह्वांग ऊ-सुक यांना ‘सर्वोच्च शास्त्रज्ञ’ हा किताब दिला, त्यांच्या मूलपेशी-संशोधनावर टपाल तिकीटही निघाले. वर्षभरात त्या निबंधांतला विदा (डेटा) बनावट ठरला आणि २००६ मध्ये किताब काढून घ्यावा लागला.

नियमात तीन गोष्टी हव्यात. कारणे: बनावट विदा, वाङ्मयचौर्य, अर्जातली खोटी माहिती. कोण ठरवणार: मूळ निवड समिती नव्हे, वेगळे तिघे, आपलीच निवड चुकली असे मान्य करणे जड जाते. आणि पद्धत: आरोप लेखी, उत्तरासाठी ३० दिवस, संबंधित संस्थेची चौकशी चालू असेल तर तिचा निकाल येईपर्यंत थांबायचे. प्रामाणिक चूक, म्हणजे मोजमाप चुकले आणि संशोधकाने स्वतःच दुरुस्ती प्रसिद्ध केली, हे पुरस्कार परत घेण्याचे कारण नव्हे. पुरस्कार मागे घेतला तर विजेत्यांच्या यादीतून ते नाव गुपचूप पुसू नका. नावासमोर तारीख आणि एका ओळीत कारण लिहा.